एका बॅटचे मोल

इगतपुरीच्या बाजारात साधी बॅट काही शे रुपयांना मिळते. पण एक बॅट १ लाख पौंडांना विकली गेली. पौंड हे इंग्लंडचे नाणे. त्या वेळच्या भावाने हे ७० लाखांहून जास्त रुपये झाले. असे काय होते त्या बॅटीत?

२ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर क्रिकेटच्या विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला. भारताने श्रीलंकेला हरवले. कप्तान महेंद्रसिंग धोनी याने नाबाद ९१ धावा काढल्या आणि षटकार मारून सामना जिंकला. त्याच बॅटीचा जुलै २०११ मध्ये लंडनला लिलाव झाला. पैसा गरजू मुलांसाठी होता. लाकूड तेच, पण लोकांनी त्या दिवसाची किंमत दिली.

अशा वस्तूंत फसवणूकही फार. कोणी जुना चेंडू आणतो, खोटी सही ठोकतो आणि थोर खेळाडूचा म्हणून विकतो. अमेरिकेत बेसबॉल हा चेंडूफळीचा खेळ आहे. तेथे मोठ्या सामन्यांना साक्षीदार हजर असतो. तो बहुधा पोलीस खात्यातला असतो. खेळलेल्या चेंडूवर तो नंबराची चिठ्ठी लावतो आणि त्याची नोंद ठेवतो. मग तो चेंडू खरा ठरतो.

बायाबापड्यांनो, सही म्हणजे आपली साक्ष. अंगठा सुटला, आता तुम्हीही सही करता. तेव्हा आधी कागद वाचा, मग सही करा. कोऱ्या कागदावर तर कधीच करू नका.