अंडाशयाचा कॅन्सर, सुरुवात नळीत

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. ताण्यातला धागा तुटला की कामगार माग थांबवतो, टोकं शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. गाठ मारायची राहिली तर दोष कापडात पुढे उतरत जातो. माणसाच्या पेशींतले डीएनएचे धागेही रोज तुटतात आणि रोज सांधले जातात. या सांधकामातले दोन महत्त्वाचे जनुक म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. अंडाशयाच्या कॅन्सरचं मूळ कित्येक घरांत या दोन जनुकांपैकी एकाच्या बिघाडात असतं.

भारतात २०२२ साली सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला, असा जागतिक अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकींचं निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात होतं. पोट फुगतं, चार घास खाल्ले तरी भरल्यासारखं वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं. ‘गॅस झालाय’ म्हणत महिने निघून जातात आणि पोटात पाणी झाल्यावर सोनोग्राफी होते.

बीआरसीए-१ चा माग काढला मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी संशोधिकेने. तो १७व्या गुणसूत्रावर आहे, हे त्यांनी १९९० मध्ये दाखवलं. १९९४ मध्ये तो प्रत्यक्ष हाती आला आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ सापडला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मापासून बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. पुढे एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली, की त्या पेशीत तुटलेला डीएनए नीट जुळत नाही आणि चुकांवर चुका साचत जातात. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी साधारण ४० जणींना आयुष्यात हा कॅन्सर होऊ शकतो, बीआरसीए-२ च्या बाबतीत १५ ते २० जणींना. इतर स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात एकीच्या आसपास आहे. भारतातल्या रुग्णांच्या तपासणीत जवळपास चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांमध्ये यांपैकी एका जनुकात दोष आढळला आहे.

आणि हा दोष वडिलांकडूनही येतो. आपल्याकडे बाईचा आजार म्हटला की चौकशी आई, मावशी, आजीपर्यंत जाऊन थांबते. आत्याला कोणी विचारात घेत नाही, आणि नेमका तिथेच धागा हातून निसटतो.

आता नळीकडे वळू. २००१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या काढलेल्या गर्भनलिका बारकाईने तपासल्या. कॅन्सरपूर्व बदल नळ्यांतच दिसले. तोवर पॅथॉलॉजिस्ट नळीची एखादीच चकती सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पुढे बॉस्टनच्या ख्रिस्तोफर क्रम यांच्या गटाने नळीचं अंडाशयाकडचं झालरदार टोक दोन-तीन मिलिमीटरच्या कापांत संपूर्ण तपासायची पद्धत रूढ केली. काचपट्टीवर विशिष्ट रंगद्रव्य टाकलं की निरोगी दिसणाऱ्या अस्तरात दहा-बारा पेशींची गडद तपकिरी रांग उमटते. या पेशींत टीपी-५३ हा पहारेकरी जनुक बिघडलेला असतो. अंडाशयाच्या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार ‘हाय-ग्रेड सीरस’. त्याच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत टीपी-५३ चा बिघाड सापडतो.

अशा सगळ्याच रांगांतून कॅन्सर होत नाही. पण काहींत आणखी बदल होत नळीच्या अस्तरातच सूक्ष्म कॅन्सर तयार होतो आणि तिथून पेशी गळून अंडाशयावर व पोटाच्या पडद्यावर रुजतात. २०१७ च्या एका अभ्यासानुसार नळीतल्या या सूक्ष्म कॅन्सरपासून अंडाशयाच्या गाठीपर्यंत साधारण साडेसहा वर्षं लागतात. अभ्यास मोजक्या रुग्णांवरचा होता, तरी हा अवधी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मात्र त्या काळात हा सूक्ष्म कॅन्सर सोनोग्राफीत दिसत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात रक्तचाचणी आणि सोनोग्राफीने सरसकट तपासणी करून पाहिली. तिने मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये आला.

म्हणून जनुकीय दोष आधी शोधणं इतकं मोलाचं. खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात टाटा मेमोरियल केंद्राचं कॅन्सर आनुवंशिकी क्लिनिक आहे. अशा ठिकाणी समुपदेशक कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, कॅन्सर झालेल्यांचं चिन्ह काळं. त्यावरून आधी शक्यतो रुग्णाचीच रक्ततपासणी होते आणि दोष सापडला तर मुली, बहिणी, भाऊ यांचीही करता येते. दोष असलेल्या स्त्रियांना मुलं झाल्यावर, साधारण ३५ ते ४५ या वयात, नळ्या आणि अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोली हिने २०१५ मध्ये हेच केलं. तिची आई याच आजाराने गेली होती.

अंडाशय काढले की पाळी एकदम थांबते, हाडं आणि हृदयावर परिणाम होतो. म्हणून आधी फक्त नळ्या काढून अंडाशय काही वर्षांनी काढले तर चालेल का, याचा अभ्यास नेदरलँड्समध्ये सुरू झाला आणि आता तो इतर देशांतही चालू आहे. अशा स्त्रियांचं जगणं अधिक सुसह्य राहतं, हे त्यातून दिसलं आहे. कॅन्सरपासून तितकंच संरक्षण मिळतं का, ते ठरायला अजून बरीच वर्षं लागतील.