खाडा धरायचा की नाही?

निर्णय चुकला की आपण निर्णय देणाऱ्याला शिव्या घालतो. पुष्कळदा खोट नियमातच असते. मला हे कळलं ते मेसच्या खाड्यावरून.

गेल्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरला डेंग्यू झाला. रात्रीच ॲडमिट केलं, आठ दिवस तो तिकडेच होता. वहीत नोंद कोण करणार? महिनाअखेरीस खाडा नामंजूर! आदल्या महिन्यात अशाच एकाला मात्र मिळाला होता. भांडायच्या तयारीनेच मी नियमांचा कागद मागितला. त्यात दोनच नियम: तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरीला खाडा नाही, सलग तीन किंवा जास्त दिवस बाहेर राहणाऱ्याने आदल्या दिवशी नोंद केल्यास खाडा धरावा. नोंद नसेल तर काय, ते कुठेच नाही.

कंपन्यांतही कर्ज, विमा, सवलत यांचे नियम असेच कोणाच्या तरी डोक्यात किंवा प्रोग्रॅमच्या पोटात दडलेले असतात. ते उघड मांडण्यासाठी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०१५ साली डीएमएन ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात एक आकृती असते: चौकोनात निर्णय, लंबगोलात माहिती, आणि कशावर काय अवलंबून ते दाखवणारे बाण. सोबत निर्णयाचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक ओळ म्हणजे एक नियम. तक्त्यावर 'यू' लिहिलं असेल, तर कुठलंही प्रकरण एकाहून जास्त ओळींत बसता कामा नये.

मीही तक्ता केला. प्रश्न तीन: तीन दिवस झाले का? नोंद आहे का? दवाखान्यात होता का? हो-नाहीच्या मिळून ८ ओळी झाल्या. ६ भरल्या, २ कोऱ्या राहिल्या. त्यातलीच एक माझ्या पार्टनरची!

नियमांवर चालणारी यंत्रणा जुनीच आहे. १९८० पासून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये 'एक्सकॉन' ही प्रणाली वॅक्स कॉम्प्युटरच्या ऑर्डरसाठी पार्टांची जुळणी ठरवत असे. तिचे नियम पुढे हजारोंवर गेले आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं. नुसते नियम वाढवून भागत नाही. ते माणसाला वाचता आणि तपासता यायला हवेत.

तक्ता कोरी ओळ दाखवतो, ती भरायची मात्र आपणच. मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये दोन्ही ओळी भरल्या: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड दाखवलं तर नोंदीशिवायही खाडा, नाहीतर नाही. पार्टनरचे पैसे काही परत मिळाले नाहीत, कारण त्या महिन्याचा हिशेब बंद झाला होता. पण आता तो तक्ता मेसच्या दारावर लावलाय. पुढच्या आजारी मुलाला कोणाचे पाय धरावे लागणार नाहीत.