तारीख एक, दिवस दोन

२३ एप्रिल हा जागतिक ग्रंथ व स्वामित्वहक्क दिन. युनेस्कोने तो १९९५ साली ठरविला. १६१६ साली याच तारखेला इंग्लंडमध्ये शेक्सपिअरचे निधन झाले, तर स्पेनमध्ये सर्व्हान्टिसचे दफन झाल्याची नोंद आहे. मग दोन्ही घटना एकाच दिवशीच्या काय? नाही! शेक्सपिअर वारला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होता.

जुन्या ज्युलियन कालगणनेतील वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. हा फरक शतकानुशतके साचत गेला. स्पेनने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून ग्रेगरियन कालगणना स्वीकारली. इंग्लंडने ती कायदा करून १७५२ मध्ये आणली. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता. म्हणून तेथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला! तेव्हा, इतिहासातील तारखा जुळविताना आधी कालगणना कोणती, ते पाहा.