विश्लेषण : केळ्यात बी का नसते? ३३ गुणसूत्रांचा घोळ

केळे आडवे कापले की मधोमध काळसर, बारीक ठिपके दिसतात. बी होण्याआधीच वाढ खुंटलेली ती बीजांडे. रानकेळ्यात याच जागी मिऱ्याएवढे टणक बी ठासून भरलेले असते. फरक मुख्यतः गुणसूत्रांच्या संख्येचा. रानकेळीच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात, बाजारातल्या बहुतेक केळींच्या पेशीत ३३.

३३ मुळे बिघडते काय?

परागकण आणि अंडपेशी तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होते. सारख्या गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि जोडीतले एकेक गुणसूत्र वेगळ्या पेशीत जाते. माणसाच्या ४६ ची २३ होतात, रानकेळीच्या २२ ची ११. खाण्याच्या केळीत मात्र प्रत्येक गुणसूत्राच्या तीन प्रती. दोघांचे जमले की तिसरे उरते आणि ते कुठल्याही बाजूला जाते. हे ११ वेळा. मग एका पेशीत १४, तर दुसरीत १९, अशी वाटणी होते. अशा पेशींतून बी धरत नाही. फळ तेवढे फलनाशिवायच भरते.

मग लागवड कशी?

मुनव्यांपासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांपासून. साध्या पेशीविभाजनात सगळ्या गुणसूत्रांची आधी नक्कल होते, जोड्या लागतच नाहीत. त्यामुळे ३३ ची अडचण येत नाही. पण एका वाणाची सगळी झाडे जवळपास एकसारखी निघतात, आणि एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारू शकतो. जगाच्या बाजारात आघाडीवर असलेले ‘ग्रो मिशेल’ वाण गेल्या शतकाच्या मध्यास पनामा मर रोगाने असेच मागे पडले. त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावची बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन याच गटातली. आता मर रोगाचा ‘टीआर ४’ हा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. त्याची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, फवारणीने हटत नाही.

नवे वाण काढायचे तर बी हवे. क्वचित एखादी अंडपेशी विभाजन चुकवून सगळी ३३ गुणसूत्रे घेऊन बसते. २२ गुणसूत्रांच्या केळीच्या परागातून तिला ११ मिळाली, की ४४ गुणसूत्रांचे बी धरते. होंडुरासमधील संशोधकांनी हाताने परागीकरण करून काढलेले ‘गोल्डफिंगर’ हे असेच ४४ गुणसूत्रांचे वाण. कॅव्हेंडिशमध्ये तेवढेही बी सहसा मिळत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियात रानकेळीचे जनुक थेट कॅव्हेंडिशमध्ये घालण्यात आले. त्या ‘क्यूकॅव्ह-४’ वाणाला २०२४ मध्ये तिथे मंजुरी मिळाली.