नर दक्षिणेला, मादी उत्तरेला

आमच्या अंगणात कोंबडा आणि कोंबडी एकाच उकिरड्यावर चरतात. मला वाटायचं सगळे पक्षी असेच. पण भटका अल्बाट्रॉस तसा नाही. हा मोठा समुद्रपक्षी आहे. पंख पसरले की ३ मीटर भरतात! हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला क्रोझे बेटे आहेत, गुरुजींनी नकाशात दाखवली. तिथे तो घरटे करतो. अंडे एकच, तेही दोन वर्षांतून एकदा. पिलाला दोघे मिळून भरवतात, माकूळ आणि मासे आणून. पण नर वजनदार, तो जोराच्या वाऱ्यातून दक्षिणेच्या थंडगार समुद्रावर जातो. मादी हलकी, ती उत्तरेच्या उबदार पाण्याकडे जाते. तिथेच कुपा मासा धरणारी जहाजे जास्त असतात. त्यांची दोरी कितीतरी मैल लांब, तिला हजारो गळ! आमिष गिळायला जाऊन मादीच जास्त अडकते आणि बुडून मरते. मग एकट्या नराच्याने पिलू जगत नाही. हल्ली काही जहाजे रात्री गळ सोडतात, दोरीवर रंगीत फिती फडकवतात. पक्षी बिचकतात.

आमचे बाबा पण खाडीत गळ टाकतात. मी विचारलं, कधी पक्षी अडकला का? ते म्हणाले, "एकदा बगळा अडकला होता. सोडवला मी."