लाल तेलाचा माग

सकाळी ९. मॅडम रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठाच घेऊन आल्यात. मी फोनवर तसं सांगितलं होतं. डाग लालसर आणि तेलकट. इंजिन ऑइल काळं पडतं, एसीचं पाणी वाळून जातं. हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल. गळती चटकन ओळखता यावी म्हणूनच त्याला लाल रंग देतात. ‘‘दुसरी जगह बोले, गिअरबॉक्स उतारना पडेगा,’’ मॅडमचा चेहरा पडलेला. ‘‘पहले ढूँढेंगे, मॅडम.’’

९.३०. गाडी लिफ्टवर. गिअरबॉक्स इंजिनला जिथं जोडलेला असतो तो भाग ओला आहे. तिथं ओल दिसली की खापर टॉर्क कन्व्हर्टरच्या सीलवर फुटतं आणि अख्खा गिअरबॉक्स खाली येतो. पण तेल वरून ओघळतं आणि गाडी पळताना वारा ते मागं ढकलतो. ओल सुरू कुठून होते ते शोधायचं, आणि जुन्या चिकट मळात ते दिसत नाही. म्हणून डीग्रीझर, ब्रश आणि हवेचा पाईप. चेंबरच्या कडा, शाफ्टची दोन्ही सीलं, कूलरचे पाईप असं सगळं पोरानं लख्ख केलं. कूलंटच्या टाकीत बॅटरी मारून बघितली: रंग स्वच्छ. तो दुधाळ गुलाबी असता तर रेडिएटरच्या आत तेल-पाणी मिसळतंय असं समजायचं, आणि मग खर्चाला अंत नसता.

११. थंड गाडीत सगळं कोरडं. तेल तापून पातळ झाल्याशिवाय ही गळती बोलणार नाही. गाडी इथल्या, गुरुग्रामच्या इफ्को चौकाच्या गर्दीत घातली; जूनच्या उन्हात थांबत-सरकत चालण्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही.

१२. परत लिफ्टवर, इंजिन चालूच. कूलरचा रबरी पाईप लोखंडी नळीवर चढतो तिथं एक थेंब फुगला, क्लिपच्या कडेनं फिरला आणि थेट गिअरबॉक्स-इंजिनच्या जोडावर उतरला. अंगठ्यानं दाबलं, तर रबर लाकडासारखं कडक आणि टोकाशी चिरलेलं. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरणार होता! पहिली मारुती ८०० याच शहरातून १९८३ मध्ये बाहेर पडली. इथले जुने हात मॅन्युअल गिअरबॉक्सवर तयार झालेत. ऑटोमॅटिकची भीती मी समजू शकतो, पण न धुता, न बघता गिऱ्हाइकाला एवढा खर्च सांगणं मला मान्य नाही.

१२.३०. पोराला नवा पाईप आणायला दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारात पाठवलं. मेट्रोची यलो लाइन थेट नेते. बजावलं: गिअरबॉक्स ऑइलचाच पाईप आण, पाण्याचा नको. तो गरम तेलात फुगतो.

३.३०. नवा पाईप, नव्या क्लिपा. तेल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं. लाल दिसतं म्हणून कुठलंही ओतलं तर आतल्या क्लच प्लेटी घसरायला लागतात. या गाडीला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या गिअरांतून हळूहळू फिरवला, स्कॅनरवर तेलाचं तापमान पुस्तकातल्या आकड्याला येऊ दिलं आणि लेव्हलचा बोल्ट काढला. धार बारीक होत थेंबावर आली, तेव्हा बोल्ट बंद.

५.३०. पुन्हा तीच गर्दी, पुन्हा लिफ्ट. कोरडं.

६. बिल पाईप, क्लिपा, तेल आणि मजुरीचं. मॅडमना समजावलं: ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून झटक्यानं उचलली, तर तेल कमी झालंय समजा. तिथंच बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत आणू नका, आणि टो करताना पुढची चाकं रस्त्यावर फिरू देऊ नका. गाडी पाठीवर घेणारीच क्रेन बोलवा.