ओटीतले फळ आणि कुंचीवरची कोयरी



भरतकामाच्या तासासाठी आम्ही मुलामुलींना घरातली एखादी जुनी, हाताने भरलेली वस्तू आणायला सांगितली होती. चार-दोन रुमाल येतील अशी अपेक्षा होती. पण जुनी इंदूरमधल्या घरोघरच्या ट्रंका उघडल्या गेल्या आणि आमची दोन टेबले भरली. कुंच्या, दुपटी, टोपरी, ताटावरचे रुमाल, रुखवतातली तोरणे, मॅटीवरचे पडदे. पाचवीतल्या एका मुलाने सगळे बघून विचारले, "सगळीकडे आंबाच का काढलाय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तो आंबा म्हणजे आपली कोयरी. टोकाशी वळलेला, पोटाशी फुगीर असा हा आकार काठावर, रांगोळीत, मेंदीत सगळीकडे दिसतो. हळदीकुंकवाची जी लहानशी चांदीची वा पितळेची कोयरी घरात असते, तिचाही आकार तोच. इराण आणि काश्मीरकडे याच आकाराला बुटा म्हणतात आणि तिथले लोक त्यात झुडूप किंवा सुरूचे झाड पाहतात. काश्मिरी शाली युरोपात गेल्या, स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या मागांवर एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला विणल्या जाऊ लागल्या, आणि इंग्रजीत त्या नक्षीला त्या गावाचेच नाव पडले. आपल्याकडे मात्र त्यात कैरीच दिसली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, दाराला आंब्याचा टाळा, कलशात आंब्याची पाने, वटपौर्णिमेला ओटीत आंबा. ज्या घरात आंबा इतका वावरतो, तिथल्या बाईच्या सुईतून दुसरे काय निघणार?

फळालाच एवढा मान का, हे मराठी भाषाच सांगते. फळ म्हणजे खायचे फळ, आणि फळ म्हणजे केलेल्या कामाचा परिणामही. फळाच्या पोटात बी असते, बीमध्ये पुढचे झाड. म्हणून ओटीत खण आणि तांदळाबरोबर नारळ, सुपारी, खारीक, बदाम, हळकुंड असते. डोहाळेजेवणाला पाच फळांनी ओटी भरतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे ओततात, आणि भोवतालची मुले ती वेचायला धावतात. होळकरांचे कुलदैवत खंडोबा. त्याची तळी भरतानाही ताम्हनात भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि सुपारी असतेच. गंमत म्हणजे आपल्या माळव्यात नारळाचे झाड उगवत नाही. तरी दक्षिणेतून येणाऱ्या नारळावाचून इथल्या मराठी घरात एकही मंगलकार्य पार पडत नाही.

आंब्यानंतर टेबलावर जास्त दिसले ते डाळिंब. साखळी टाक्याने बाहेरची रेघ, आत गाठीच्या टाक्याने लाल दाणे. दाणे पुष्कळ, म्हणून भरलेल्या घराची खूण. हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. बायबलच्या जुन्या करारात, निर्गम या पुस्तकात, मुख्य याजकाच्या झग्याचे वर्णन आहे. त्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबे करायची आणि मधे मधे सोन्याच्या घंटा लावायच्या, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे धर्मविधीसाठी सुताचे फळ करण्याची पद्धत किती जुनी आहे पहा. यहुदी लोक धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या दांड्यांवर जी शोभेची टोपणे बसवतात, त्यांनाही हिब्रूत डाळिंबेच म्हणतात. आणि कोकणातला मराठी बोलणारा यहुदी समाज, बेने इस्राएल, एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतो तेव्हा ताटात गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे मांडतो. आपल्या ओटीच्या ताटाला ते ताट परके वाटणार नाही.

"हे सगळे पूर्वापार आहे" असे आपण सहज म्हणतो. पण नैवेद्याच्या ताटातला पेरू, ज्याला आपण इंदूरकर जाम म्हणतो, तो मूळ अमेरिका खंडातला. सीतेचे नाव लावणारे सीताफळही तिथलेच. टाक्यांचेही तसेच. मॅटीवरचा क्रॉस स्टिच आणि लेझी-डेझी हे युरोपातून मिशनच्या शाळांतून आणि नमुन्यांच्या पुस्तकांतून आले आणि आपल्या रुखवतात जाऊन बसले. नवे आले ते परंपरेने सामावून घेतले.

एका बाबतीत मात्र परंपरेने असे मन मोठे केले नाही. आणलेल्या कुंच्या कोणी भरल्या, असे आम्ही मुलांना घरी विचारायला सांगितले. उत्तरे आली ती अशी: आजीच्या आत्याने, पणजोबांच्या बहिणीने, "आमच्याकडे राहायच्या त्या काकूंनी". यातल्या बऱ्याच जणी लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेल्या, किंवा मूलबाळ नसलेल्या. डोहाळेजेवणाला, बारशाला, हळदीकुंकवाला त्यांना पुढे बोलावत नसत. त्यांची ओटी कोणी भरत नसे. पण त्याच बाळासाठी कुंचीवर कोयऱ्या आणि डाळिंबे भरत रात्र रात्र त्या बसत. फळ त्यांच्या हातचे चाले, ओटीत मात्र नाही.

हे आपल्या गावात तरी आपल्याला खटकायला हवे होते. अहिल्याबाई १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात विधवा झाल्या, १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवले, आणि ज्या महेश्वरी लुगड्याने आपण लेकीसुनांचा मान करतो, ते विणणारे कारागीर महेश्वरात त्यांनीच वसवले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला. आपल्याकडेही काही घरांत आता सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावतात. काही घरांत अजून लावत नाहीत, हेही आम्हाला माहीत आहे.

जमलेल्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन शाळेत मांडायचे ठरले आहे. प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी राहील, आणि तिच्यावर भरणाऱ्या बाईचे नाव, नाते आणि माहीत असल्यास गाव लिहिले जाईल. सध्या निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. एका कुंचीवर तर शेवटची कोयरी अर्धीच भरलेली असून सुई तिथेच गंजून अडकली आहे. ती आम्ही काढलेली नाही. पालकांना विनंती, की घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नावे कळवावीत. वस्तू पाठवताना धुऊन, इस्त्री करून पाठवू नये. जुन्या दोऱ्याचा लाल रंग उतरतो. नुसती सुती कापडात गुंडाळून मुलांबरोबर द्यावी.